इंजिनातल्या आवाजाबद्दल

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा मोटरसायकल दुरुस्ती, गल्लीत ‘मिस्त्री’ म्हणून ओळखला जाणारा, पूर्ण शुद्धीत असून हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. कुणाचा दबाव नाही. वकीलबाई समोर बसल्या आहेत, पण त्या दबाव आणत नाहीत, फक्त घड्याळ बघतात. मागच्या महिन्यात हृदयाच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून आधी चष्मा पुसला आणि मग बोलायला सुरुवात केली, तेव्हाच मी काय ते समजलो.

तीन आठवड्यांपूर्वी केलेलं माझं पहिलं मृत्युपत्र या कागदाने रद्द होत आहे. का, ते कलम चारमध्ये येईल. ते कलम वकीलबाईंनी कापायला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

कलम १. खालचं वर्कशॉप आणि वरच्या तीन खोल्या माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळाव्यात. ती जनावरांची डॉक्टर आहे. तिची आई गेल्यापासून चौदा वर्षं या घराची सगळी उस्तवार तिनेच केली; मी फक्त तेलाचे हात भिंतींना लावले. जिन्यातली भिंत तिने रंगवून घ्यावी.

कलम २. बँकेत जे काही असेल तेही तिचंच. चुलत्यांपैकी कुणी हक्क सांगत आला तर त्याला चहा पाजावा आणि दारापर्यंत सोडावं. त्यापुढे काही करू नये.

कलम ३. लेथ आणि सगळी हत्यारं माझ्या धाकट्या भावाला द्यावीत. मोठा टॉर्क पाना मुळातच त्याचा आहे, तो मी दाबून ठेवला होता, म्हणून तो देत नसून परत करत आहे. हा भाऊ बावीस वर्षं माझ्यासोबत याच वर्कशॉपमध्ये होता. सहा वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की त्याला स्वतःचं दुकान काढायचं होतं, आमच्यात वाकडं काही नाही. ते खोटं होतं. मी त्याला हाकलला.

कलम ४. मोटरसायकल. माझी जुनी क्रूझर, दोन सिलिंडरची, जड. या जातीच्या इंजिनात कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडझाप करणारे दांडे, चेनवर फिरतात आणि चेन ताणून धरायला टेन्शनरवर प्लास्टिकचा बूट असतो. बूट झिजतो, त्याचा भुगा तेलात जातो, तेलाचा पंप गुदमरतो आणि इंजिन बसतं. सहा वर्षांपूर्वी इंजिन उघडलं तर बूट निम्मा खाल्लेला. कॅम बदलायचे ठरलेच होते. मी म्हटलं, चेनच काढून टाकू आणि गिअरवर फिरणारे कॅम घालू, म्हणजे बूट नको आणि कटकट नको. त्याआधी वर्षभर दुकानात येईल त्याला मी ऐकवत होतो की चेन म्हणजे तात्पुरतं काम, गिअर म्हणजे जन्माचं.

पण गिअरला क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, अगदी सरळ फिरणारा लागतो. थोडा डोल असला तर चेन सांभाळून घेते, गिअर घेत नाही. डोल तीन थाऊच्या आत हवा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. धाकट्याने डायल गेज लावला, क्रँक हाताने फिरवला आणि म्हणाला, “दादा, सहा आहे.”

“गेज नीट लाव.”

“तीनदा लावला. चेनच ठेवू. तेलाच्या दाबावर ताणणारे नवे टेन्शनर मिळतात, ते घालू. काम चांगलं होईल.”

मी स्वतः मोजलं. सहाच होता. पण शेजारचे टायरवाले आणि दोन गिऱ्हाइकं बघत उभी होती, आणि वर्षभर मारलेल्या बढाया मला गिळवेनात. मी म्हणालो, “दोन आहे. तुझे डोळे गेलेत.” आणि जॉबकार्डावर दोन लिहिलं.

“दादा, तो आकडा खोड,” तो म्हणाला.

मी म्हटलं, वर्कशॉप माझं आहे, पटत नसेल तर वाट धर. त्याने साबण लावून हात धुतले, पुसले आणि गेला.

गिअर मी एकट्यानेच बसवले आणि चार वर्षं गाडी जपून चालवली. मग माझे गुडघे गेले आणि गाडी मुलीने घेतली. ती रोज घाट ओलांडून पस्तीस किलोमीटरवरच्या जनावरांच्या दवाखान्यात जाते. मागच्या हिवाळ्यात ती म्हणाली, “बाबा, उजवीकडून शिट्टीसारखा आवाज येतोय. बघता का?”

मी म्हणालो, “गिअरचे कॅम आहेत, एवढा आवाज असायचाच.” तिने मान हलवली आणि हेल्मेट घातलं. इंजिनाच्या बाबतीत ती मला दुसऱ्यांदा विचारत नसे. तेवढा विश्वास होता.

त्या दिवसापासून ती परत येईपर्यंत माझ्या जिवात जीव नसायचा. उतारावर इंजिन जाम झालं तर मागचं चाक जागच्या जागी धरतं, हे मला कुणी सांगायला नको. तरी मी गप्प बसलो. आज सांगू, उद्या सांगू, करता करता वकीलबाईंकडे गेलो आणि पहिल्या मृत्युपत्रात लिहिलं, की माझ्या मृत्यूनंतर इंजिन धाकट्याकडून उघडून घ्यावं, डोल दोन नसून सहा आहे. सही करून घरी आलो आणि गाढ झोपलो. याची मला आज जास्त लाज वाटते.

पाच दिवसांनी पक्की प्रत आणायला गेलो. वकीलबाईंनी कागद हातात दिला नाही.

“मिस्त्री, ही गाडी आत्ता कुठे आहे?”

“मुलगी घेऊन गेलीय.”

“म्हणजे तुम्ही मरेपर्यंत तिने ती चालवायची?”

त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. मुलीने तिसऱ्या वेळी उचलला. ती घाटाच्या माथ्यावर थांबली होती. मी म्हणालो, “गाडी बंद कर आणि परत चालू करू नकोस. काका येतोय.” मग धाकट्याला फोन केला, सहा वर्षांनी पहिला. त्याने एवढंच विचारलं, “माथ्यावर कुठे?” आणि टेम्पो घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात आम्ही तिघे होतो. त्याने कव्हर काढलं. गिअरचे दोन दात उडालेले, एका बेअरिंगचा चुरा तेलात. धाकट्याने तुटलेले दात वेचून माझ्यासमोर फडक्यावर मांडले. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मुलीला सगळं सांगितलं, जॉबकार्डाचं, आवाजाचं आणि मृत्युपत्राचंही. तिने त्या चुऱ्यातली चिमूट उचलून बोटांत चोळली.

“बाबा, हे मृत्युपत्रात लिहिलंत ते मी वाचावं म्हणून, की तुम्हाला सुटायचं होतं म्हणून?”

मी म्हणालो, “सुटायचं होतं.”

ती बसने घरी गेली.

धाकट्याने गाडीला परत चेन बसवली, नवे टेन्शनर, नवे कॅम, नवी बेअरिंग्ज. त्याच्या जॉबकार्डावर डोल सहा असं लिहिलं आहे आणि खाली त्याने माझीही सही घेतली. गाडी मुलीची आहे, चावी त्याच्याकडे. तिला वाटेल तेव्हा तिने न्यावी. कधीच वाटलं नाही तर विकावी, पण घेणाऱ्याला जॉबकार्ड दाखवून.

कलम ५. मुलगी पंधरा दिवस माझ्याशी बोललेली नाही. सकाळच्या गोळ्या वाटीत काढून ठेवते, पाण्याचा ग्लास झाकते आणि बस पकडायला जाते. वरच्या कलमांतलं काहीही, तिने मला माफ करावं या अटीवर दिलेलं नाही. वकीलबाई म्हणतात, हे लिहायची गरज नाही. मला आहे.

माझ्यामागे ती हा कागद वाचेल, तेव्हा तिला यात नवीन काहीही सापडणार नाही. सगळं तिच्या तोंडावर सांगून झालं आहे.

स्थळ : राहतं घर, वरची पुढची खोली
दिनांक : ९ मार्च
सही : मिस्त्री

मिस्त्रींनी वरील मजकूर आमच्यादेखत स्वतः मोठ्याने वाचला आणि सही केली. वाचताना दोनदा थांबले. शुद्धीत होते.

साक्षीदार १ : शेजारचे टायरवाले (सही)
साक्षीदार २ : वकीलबाईंचे कारकून (सही)