अम्माच्या गावचा फोटो

रुस्ताक, ओमान
१२ जानेवारी २०२४

चि. रशीदा हिस,
अ. उ. दुवा.

आम्ही खुशाल. तुझे गुडघे काय म्हणतात? अम्माच्या गावाचा यंदाचा फोटो तुझ्या जावयाबरोबर, तौहीदबरोबर पाठवतोय. फोनवरचा फोटो बोट लागलं की पळतो, म्हणून कागदावर काढून घेतला. तीस वर्षं त्याच खडकावर उभा राहतोय, तरी डोंगर समोर आला की बटण दाबायचं विसरतो. अगं, एवढ्या उभ्या कड्याला घरं चिकटवली कुणी, आणि पाणी वर खेळवलं कसं! आधी गाढवाची वाट होती, मग रस्ता झाला, विजेचे खांब आले. आता घरोघरी कुलपं. अम्माची धाकटी बहीण, आपली खाला, तेवढी उरलीय. तिलाही तिचा मुलगा रमजानआधी शहरात, सोहारला नेणार.

कासमभाऊजींना सलाम. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा भाऊ
नूरुद्दीन

रत्नागिरी
४ फेब्रुवारी २०२४

ती. भाईजान यांस,
सलाम वि. वि.

फोटो मिळाला. छाती दडपली बघून. पण रागावू नका, तीस वर्षं तुम्ही मला दगड, खजुरी आणि बकऱ्याच दाखवताय. माणूस कुठंय? अम्मा गेली तेव्हा मी पाळण्यात. तुम्हाला निदान तिचा चेहरा आठवतो, मला ती स्वप्नातसुद्धा पाठमोरीच दिसते. खाला हुबेहूब अम्मासारखी, हे तुम्हीच सांगता. मग ती गाव सोडायच्या आत तिचा एक फोटो काढा ना! तिच्या घरात बायकांचे फोटो चालत नाहीत, ठाऊक आहे. पण विचारून तरी बघा. दुकानात गिऱ्हाइकांशी एवढं गोड बोलता, खालापुढेच का जीभ टाळ्याला चिकटते?

या धाकट्या बहिणीवर नजर असू द्या.

तुमची
रशीदा

रुस्ताक
२ मार्च २०२४

चि. रशीदा हिस,
अ. उ. दुवा.

गेलो होतो. खाला साफ नाही म्हणाली. जन्मभर कॅमेऱ्यापुढे उभी राहिले नाही, आता जाता जाता कशाला, म्हणे. मी खजूर चघळत बसलो. मग तिनं विचारलं, फोटो हवाय कुणाला? म्हटलं, रशीदाला, तिनं आईच पाहिली नाही. खालानं कॉफीचा कप खाली ठेवला. कितीतरी वेळ मला न्याहाळत राहिली. मग मला दारात बसवलं, स्वतःची ओढणी माझ्या डोक्यावरून घेऊन दाढीभोवती गच्च गुंडाळली, आणि कॅमेरा मागितला! अगं, साठी उलटलेला माणूस मी, लाजून मेलो. वर मलाच म्हणते, नाकडोळे माझ्या बहिणीचे घेऊन हिंडतोस आणि फोटो डोंगराचे काढतोस!

फोटो वाकडा आलाय, तिचा पहिलाच. मुलांना दाखवू नकोस, मामूची इज्जत जाईल.

बाकी सगळं तुझ्या हवाली.

नूरुद्दीन

रत्नागिरी
१५ एप्रिल २०२४

ती. भाईजान यांस,
सलाम वि. वि.

पाकीट माझ्या लेकीनं, झरीननंच आधी फोडलं. मामू नवरी झाला म्हणून ही दोन लेकरांची आई घरभर नाचली. मीही डोळ्यांतून पाणी येईतो हसले. मग फोटो अंगणात उजेडाला नेला. आधी तुम्ही दिसलात. मग तुम्ही दिसेनासे झालात.

भाईजान, ती माझ्याकडे बघत होती. मी डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि सलाम केला.

खालाचे हात माझ्या वतीनं डोळ्यांना लावा. तुमचा लोभ अंगावर असाच राहो.

तुमची
रशीदा