चारच्या आतला आकडा

अकोट,
९ डिसेंबर २०१७

पंजाबभाऊ,

गफ्फारचा सलाम. जमुनावहिनींना आणि कुलदीपला माझी आठवण सांग. आमच्याकडे सगळे बरे. शहाजादीचे गुडघे दुखतात, तोंड मात्र शाबूत आहे. बोंडअळीने यंदा कापूस असा खाल्ला की जिनिंगमध्ये दुपारीच सामसूम होते.

तुझी लघवी साफ होते ना? कंबर दुखते का? खरं सांग.

हे पत्र एकट्याने वाच. मी तुला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा बोंडअळीवर बोललो आणि ठेवून दिला.

मागच्या वर्षी अमरावतीला आपल्या खाटा शेजारी होत्या. लेझरने प्रोस्टेटची गाठ काढली, नळी निघाली, तेव्हा तू नर्सबाईला म्हणालास, "बाई, आता आमी दोघं शर्यत लावतो." बिचारीने हसू दाबत तोंड फिरवलं. तीन महिन्यांनी रक्त तपासलं. तुझं पीएसए, म्हणजे प्रोस्टेटचा रक्तातला आकडा, सातावरून शून्य पॉइंट आठवर आलं, माझं शून्य पॉइंट सहावर.

मग मे महिन्यातली तपासणी. अकोल्याला रक्त दोघांनी दिलं, पण तुझ्याकडे लेकीच्या, रागिणीच्या लग्नाची घाई म्हणून रिपोर्ट आणायला मी एकटा गेलो. माझं होतं तेवढंच होतं. तुझं दोन पॉइंट सहा. शेजारी छापलेलं, चारपर्यंत नॉर्मल. तीस वर्षं मी जिनिंगमध्ये कापसाचा ओलावा मोजतो. बारा टक्क्यांच्या आत असला की गाडी आत घ्यायची, वर गेला की परत. तुझा रिपोर्ट मी तसाच वाचला. स्टँडवरून तुला फोन लावला, "चारच्या आत हाय. पास!"

तू म्हणालास, "मंग कागद तुयाजवळच ठेव. इथं पत्रिकांत हरपून जाईन. अन् डॉक्टरकडं कायले जाऊ? पास झालेलं पोरगं मास्तरकडं जाते काय?"

लग्नानंतर तू अमरावतीला कुलदीपकडे राहायला गेलास. कागद माझ्या कपाटात राहिला.

नोव्हेंबरात मी माझ्या तपासणीसाठी अमरावतीला आलो होतो. तुला भेटलो नाही, कळवलंही नाही. डॉक्टरांना सहज विचारलं, आमच्या दोस्ताचं लेझरनंतर शून्य पॉइंट आठ होतं, आता दोन पॉइंट सहा आहे, चारच्या आत म्हणजे बरंच ना? त्यांनी पेन खाली ठेवला.

"लेझरनंतर चार धरायचे नसतात, बाबा. गाठीचा मोठा भाग काढला म्हणून आकडा उतरला. तो जिथं उतरला तिथून पुढं मोजायचं. आठ दशांशाचा अडीचच्या वर गेला, म्हणजे मला दाखवायलाच हवं. कधीचा रिपोर्ट आहे?"

मी म्हणालो, "परवाचा."

मे महिना सांगायला जीभच उचलली नाही. ते म्हणाले, त्यांना लगेच पाठवा. लघवीत जंतू झाले तरी आकडा वाढतो. आधी पुन्हा रक्त तपासू. आणि दुसरंही काही असू शकतं. तो शब्द त्यांनी उच्चारला. मी लिहीत नाही.

कुलदीपचं घर तिथून रिक्षाने दहा मिनिटं. मी स्टँडवर गेलो आणि अकोटची एसटी धरली.

पंजाबभाऊ, मेमधली चूक न समजून झाली. डॉक्टरांना भेटल्यापासूनचा हा महिना मी समजून गप्प बसलो. तू दुखतं म्हणत नाहीस, म्हणजे काही नसेल, असं स्वतःला सांगत राहिलो. फोन वाजला की अमरावतीचा असेल म्हणून अंगणात पळतो. काल शहाजादीला सांगितलं. ती म्हणाली, "दोस्ताच्या जिवाचा सवाल हाय अन् तुमाले तोंड लपवायची पडली? लिवा, नाही तं मीच जाते जमुनाकडं."

माझा जावई परवेज उद्या अमरावतीला येतो आहे. त्याच्याच हाती हे पाकीट देतो, रिपोर्ट आत आहे. वाचून झालं की कुलदीपला सोबत घे. मुलासमोर हा विषय काढायला लाजू नकोस. परवाच जा, वार पाहत बसू नकोस. डॉक्टरांना सांग, रिपोर्ट मे महिन्याचा आहे आणि तुमच्याशी खोटं बोलला तो गफ्फार.

ते काय म्हणाले ते मला कळव. कळवावंसं वाटलं नाही तर नको कळवूस, पण जा.

तुझा म्हणू की नको, ते तूच ठरव.

अब्दुल गफ्फार