लालसिंगदादाचे नऊ टाके

४ ऑगस्ट, दिग्रस.
दादाला नागपूरहून घरी आणला. माझ्या गॅरेजात इंजिन उचलताना त्याच्या मणक्याची गादी सरकली, म्हणून ऑपरेशन. म्हणून सेवाही मीच करणार. संकल्प: पट्टीला कोणी हात लावायचा नाही. डॉक्टरांनीही तेच सांगितलंय.

७ ऑगस्ट.
तांड्यावरून जीप भरून माणसं आली. दादा पालथा. रामरावकाकांनी विचारलं, कापलं किती? पट्टीचं टोक जरासं उचललं. नऊ टाके, एका रांगेत! सगळे थक्क. हात आधी पेट्रोलने धुतले होते. पेट्रोलपुढे जंतू टिकतो काय?

१० ऑगस्ट.
आज तीनदाच दाखवले. बसंतीवहिनी म्हणाली, "देवीलालभाऊ, काहून उघडून राह्यले?" म्हटलं, हवा लागते. पट्टी चिकटेना, गॅरेजातली वायरिंगची टेप लावली. उद्यापासून दाखवणं बंद.

११ ऑगस्ट.
दादाचा मित्र घनश्याम पुसदहून आला. इतक्या लांबून आलेल्याला नाही कसं म्हणणार?

२९ ऑगस्ट.
टाके निघाले, पण कंबर पुन्हा दुखतेय. कूस बदलताना ओरडतो. ताप शंभर. नवा पार्ट बसायला वेळ लागतो, असं त्याला समजावलं.

३ सप्टेंबर.
ताप एकशे दोन. थर्मामीटर जुना आहे. वहिनीने मला न विचारताच नागपूरची गाडी ठरवली.

६ सप्टेंबर, नागपूर.
एमआरआय झाला. मणक्यांमधल्या जागेत जंतू. डॉक्टर म्हणाले, फार क्वचित होतं, सगळं नीट सांभाळूनही होऊ शकतं. हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवतोय. मग विचारलं, पट्टी कोणी उघडली होती का? दादाच बोलला, "नाही साहेब. माह्या भावानं कोणाले हात लावू देला नाही." मी पंख्याकडे बघत राहिलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या नक्की सांगणार.

७ सप्टेंबर.
डॉक्टर घाईत होते.

९ सप्टेंबर.
सहा आठवडे सलाईनमधून औषध. दादा कण्हत होता, बघवेना. सगळं सांगून टाकलं, रडलो. तो म्हणाला, "मले मालूम हाय. पालथा होतो, पण पेट्रोलचा वास येत होता ना. लोकायमंदी तू एवढा खुश होता, कायले टोकू तुले?"

मग डॉक्टरांकडे गेलो. त्यांनाही सांगितलं. रागावले नाहीत. सिस्टरला बोलावून काहीतरी म्हणाले.

दादाच्या दारावर आता कागद लागलाय: आत फक्त बसंतीबाई. बाकी कोणी नाही. खाली पेनाने वेगळं लिहिलंय: देवीलाल तर नाहीच.