तारखेच्या चौकटीतला चेहरा

प्रिय भिंगरी,

शेजारच्या खोलीतल्या माणसाने पत्र लिहावं, याचं तुला हसू येईल. येऊ दे. मी आयुष्यभर वजनकाटे दुरुस्त केले. काटा किती चुकतो ते मला सांगता येतं, बाकीचं बोलून दाखवता येत नाही. तुझी आई मला ‘मिलिग्रॅम’ म्हणायची ते उगाच नाही. “अहो मिलिग्रॅम, आज दोन वाक्यं बोललात, तब्येत बरी आहे ना?” असं ती पाहुण्यांसमोर विचारायची. म्हणून हे लिहून तुझ्या डब्याखाली ठेवतो आहे. टेबलावरचा तुझा राजीनामा मी वाचला. वाचायला नको होता, पण उघडाच होता. तो साहेबांच्या हातात देण्याआधी हे वाच, एवढंच मागणं.

शुक्रवारी तुला तिसऱ्यांदा दारातून परत पाठवलं. बाळांच्या दुधाची पावडर भरतात त्या हॉलमध्ये चेहऱ्यावर उघडी जखम किंवा फुटलेली पुटकुळी घेऊन कोणी जायचं नाही, हा नियम चुकीचा नाही. पण आठ तास मास्क लावून काम करायचं, त्या मास्कनेच हनुवटीवर पुटकुळ्या उठायच्या आणि मग त्याच पुटकुळ्यांसाठी बाहेर खोके चिकटवायला बसायचं, हे तुला सोसवत नाही. चौथ्यांदा परत आलीस तर हॉल कायमचा सुटेल आणि महिनाअखेरच्या कायम होणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव नसेल. आईच्या मशीनवर, आईच्या स्टुलावर बसायचं म्हणून तू ही नोकरी धरलीस, हे तू सांगितलं नाहीस तरी मला ठाऊक आहे. शुक्रवारी जेवताना तू म्हणालीस, “आईला एकोणीस वर्षांत एकदासुद्धा दारातून परत पाठवलं नाही, बाबा. तपासणीवाल्या बाई रोज ऐकवतात. माझ्यातच काहीतरी घाण आहे.” मी भाजीकडे बघत राहिलो. तेव्हाच बोलायला हवं होतं.

पंचवीस दिवसांपूर्वी बाथरूमचा नळ गळत होता म्हणून मी कपाट रिकामं केलं. मागच्या फळीवर, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेली कॅलेंडरं होती. एकोणीस. रद्दीत टाकावीत म्हणून एक उलगडलं आणि तिथेच उलट्या बादलीवर बसलो. प्रत्येक तारखेच्या चौकटीत पेन्सिलने काढलेला एक चेहरा होता. रुपयाएवढासुद्धा नाही, गोल, नाकाची एक रेघ आणि जिथे पुटकुळी असेल तिथे ठिपका. रोजचा एक चेहरा. सुट्टीच्या दिवशीही. तू जन्मलीस त्या दिवशीच्या चौकटीतही आहे, जरा वेडावाकडा. दुसऱ्या दिवशीचा पुन्हा सरळ.

नळ तसाच गळत राहिला. पहिल्या वर्षाच्या कॅलेंडरावर काही चेहऱ्यांवर फुली होती. ती कशाची, हे आधी कळलं नाही. मग एका फुलीखाली बारीक अक्षरात दिसलं, ‘दारातून परत. खोके.’ मी फुल्या मोजल्या, दोनदा मोजल्या. अकरा. भिंगरी, तुझी आई पहिल्या वर्षात अकरा वेळा परत आली होती. चौथ्या वेळेला हॉल सुटण्याचा नियम तेव्हा नव्हता, एवढंच. तपासणीवाल्या बाई तेव्हा कामालाच नव्हत्या, त्यांना कुठून माहीत असणार? मी मात्र त्याच घरात होतो. मलाही तिने सांगितलं नाही. संध्याकाळी घरी येऊन ती आपली हसत चहा टाकायची.

पुढच्या वर्षांची कॅलेंडरं बघताना मात्र माझ्या अंगावर काटा आला. मोठा काटा चुकत असेल, तर आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि थांबतो. दोन बदलल्या तर चूक कुठली होती ते कधीच कळत नाही. हे शिकायला मला उस्तादाची दोन वर्षं बोलणी खावी लागली. आई दहावी झालेली, तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. तरी एका महिन्यावर लिहिलंय, ‘फक्त तोंडाची पावडर बंद.’ पुढच्यावर, ‘फक्त साबण बदलला, बिनवासाचा.’ त्यापुढे, ‘मास्कचं इलॅस्टिक सैल केलं.’ आणि खरंच, जबड्याच्या कडेने ओळीत बसलेले ठिपके त्या महिन्यात विरळ होत गेलेले डोळ्यांना दिसतात. घासून घासून तोंड धुतलं त्या महिन्यात चेहरा ठिपक्यांनी भरलाय, बाजूला लिहिलंय, ‘मूर्खपणा.’ टूथपेस्ट लावली तिथे, ‘भाजलं.’ तूही परवा तेच लावलं होतंस ना? साधं क्रीम अगदी पातळ लावून अर्धा तास थांबायचं आणि मगच मास्क चढवायचा, हे ठरायला तिला पूर्ण हिवाळा लागला. चहाच्या सुट्टीत बाहेर झाडाखाली जाऊन तोंड मोकळं करायचं, घाम टिपायचा, पुसायचा नाही. ती एकटी झाडाखाली उभी राहते म्हणून कामावरच्या बायका तिला ‘महाराणी’ म्हणायच्या. त्यांना वाटायचं, शिष्ट आहे.

दोन पुटकुळ्यांचा तर तिने जन्मापासून शेवटपर्यंत हिशेब ठेवलाय. हात लावला नाही ती नऊ दिवसांत गेली. फोडली ती सव्वीस दिवस राहिली आणि डाग मागे ठेवून गेली. त्या नऊ चौकटी मी भिंग लावून पाहिल्या. ठिपका मोठा होतो, लहान होतो, एक दिवस नुसता गोल चेहरा उरतो. मी हजारो काटे उघडले, स्वतःहून दुरुस्त झालेला एकही पाहिला नाही. आणि ही आपली कातडी, गपचूप, आपण झोपलेलो असताना, पुन्हा नवी होते. फक्त तिच्या वाटेत यायचं नाही. पन्नाशी उलटून गेली आणि हे मला एका कॅलेंडराने सांगितलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मास्क धुण्याची तिची निळी बादली वेगळी होती, आठवतं? मी तिला चिडवायचो. ती गेल्यावर घरातलं धुणं मी घेतलं. स्वतःचा स्वेटर धुतल्यावर ती शेवटच्या पाण्यात घालायची ते सुवासिक कंडिशनर मी सगळ्याच कपड्यांना घालू लागलो, जास्तच घालू लागलो. दोरीवरून कपडे काढताना क्षणभर वाटायचं, ती आत्ताच इथून गेली. तुझे मास्कही कपड्यांच्याच बादलीत, त्याच पाण्यात बुडवायचो. त्या दिवशी चौथ्या वर्षाच्या कॅलेंडरावर, खाली दोन रेघा मारून लिहिलेलं वाचलं, ‘मास्कला वासाचं पाणी कधीच नको.’ तुझ्यात काही घाण नाही, बाळा. ते मी केलं. त्याच दिवसापासून तुझे मास्क निळ्या बादलीत, बिनवासाच्या साबणाने, तीनदा खळबळून, उन्हात वाळवतो आहे. पण सांगायची हिंमत झाली नाही आणि पंचवीस दिवस तू स्वतःला दोष देत राहिलीस. ही चूक पहिलीपेक्षा मोठी. रोज सकाळी चहा पिताना तुझ्याकडे चोरून बघून मी यंदाच्या कॅलेंडरावर तुझा चेहरा काढतो. पहिल्या दिवशी चौदा ठिपके होते. आज चार आहेत. आरशात तुला ते जबड्यावरचे दोन मोठे तेवढे दिसतात. त्यातलाच एक तू फोडलास आणि शुक्रवारी परत आलीस. ते दोन आपल्या हातचे नाहीत. कातडीच्या डॉक्टरांकडे उद्या सकाळची वेळ घेतली आहे, मी बरोबर येतो, रस्ताभर बोलणार नाही. राजीनामा टेबलावरच ठेवलाय, तो फाडायचा की द्यायचा ते तू ठरव. कंडिशनरची बाटली मी आईच्या स्वेटरजवळ कपाटात ठेवली आहे, बूच घट्ट लावून. कॅलेंडर बाथरूमच्या दाराच्या आत टांगलंय, पेन्सिल दोरीला बांधली आहे. उद्यापासून तुझा चेहरा तूच काढ. मला नाक काही नीट जमत नाही.

निळ्या बादलीचा नवा कारभारी,
तुझाच
बाबा