किल्ली दुसऱ्या हाती

३ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझ्या इस्पितळातल्या वॉर्डाच्या पाळ्या लावायला मी केलेला प्रोग्रॅम त्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी पंखाखाली घेतला, हे तुला माहीत आहेच. आता रविवारी ते ठरवणार, ठेवायचा की घरी पाठवायचा. आमच्या मार्गदर्शकांना सगळे आजोबा म्हणतात. ते म्हणाले, काम उत्तम आहे, पण उद्या तू तापाने पडलास तर सांभाळणार कोण? एकखांबी तंबू आम्ही घेत नाही. माझं डोकंच फिरलं! कॉलेज सोडून रक्त आटवलं मी, आणि किल्ली, म्हणजे बदल मंजूर करायचा हक्क, दुसऱ्याला द्यायची?

त्यात ‘ती’. रक्तपेढीत काम करते, तिथल्या पाळ्यांसाठी दुरुस्त्या पाठवते. तिला पाहिलेलंसुद्धा नाही, तरी तिचा निरोप आला की जेवण टाकून तोच वाचत बसतो. परवा तिने माझी चूक दाखवली आणि मी प्रोग्रॅमच्या चर्चापानावर सगळ्यांसमोर लिहिलं, की आधी वाचायला शिका. तेव्हापासून तिची एकही दुरुस्ती आलेली नाही. बाबांना सांगू नकोस. म्हणतील, बघा, इथूनही पळाला.

माया आटू देऊ नकोस.

तुझा,
भडक्या


५ जून

चि. भडक्यास, अ. उ. आ.

तू तिला दिलेलं उत्तर वाचलं. चव्हाट्यावर आहे ते, कोणीही वाचेल. गाढवा, चूक तुझीच होती. त्या चुकीपायी मला लागोपाठ दोन पाळ्या कराव्या लागल्या. बोलले नाही, कारण तुझ्या नाकावरचा राग मला ठाऊक. आता तीही बोलणार नाही. सगळेच असे गप्प झाले तर प्रोग्रॅम आजच बुडाला, रविवारपर्यंत वाट कशाला बघायची? जिथे बोललास तिथेच माफी माग. आणि माफीत प्रेमपत्र घुसडू नकोस!

जेवत जा. चिडलास तरी लिहीत जा.

ताई


१० जून

ती. ताईस, सा. न.

माफी मागितली, सगळ्यांसमोर. बदल मंजूर करायचा हक्कही तिला दिला. शनिवारी तिने हक्क वापरला. पहिलं काम काय, तर माझाच नवा बदल परत पाठवला! बदल नीट चालतो हे दाखवणारी चाचणी कुठे आहे, एवढंच विचारून. कानशिलं तापली, पण मुकाट्याने चाचणी लिहिली. ते पाहून, तंबूला दुसरा खांब आला म्हणत, रविवारी आजोबांनी आमच्या बाजूने मत दिलं. प्रोग्रॅम राहिला गं!

आज तिने लिहिलंय, आणखी चुका आहेत, रागावणार नसाल तर सांगते. ढीगभर उत्तरं लिहिली, खोडली. शेवटी ‘सांगा’ एवढंच पाठवलं. अजून काही आलेलं नाही. चर्चापान समोर उघडं ठेवूनच हे पत्र लिहितोय.

आहे तसा सांभाळून घे.

तुझा,
भडक्या