ग्लेबचे डोळे

पेत्रोव सणाचा दुसरा दिवस

पोचलो एकदाचा! नोव्हगोरोदपासून नावेत बसून पाठीचा भुगा झाला होता, पण वळणावरून झारेच्ये शहराचा पांढरा तट दिसला आणि शीण कुठल्या कुठे पळाला. खुद्द राजा रोस्तिस्लाव धक्क्यावर आला होता. माझ्यासारख्या चिताऱ्यासाठी! माझे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाला, चर्चची उत्तरेची भिंत तुझी. तिच्यावर दोन भाऊ हवेत, खांद्यावर हात टाकलेले. एक तो स्वतः, दुसरा त्याचा वारलेला थोरला भाऊ ग्लेब.

उतरलोय मालान्याकडे. ही विधवा चर्चसाठी पवित्र पाव भाजते. लापशीचा डोंगर वाढून म्हणाली, "खा रे चिताऱ्या, वाऱ्यानं उडशील." घरी माझ्या बायकोचे, उल्यानाचे, दिवस भरत आलेत. काम संपलं की घोडा देईन, असं राजानं कबूल केलंय. बाळ पाळण्यात असेल तोवर घरी पोचेन.

भूर्जपत्र इथं चांगलं मिळतं, अक्षरं कोरायचा टोचा सरसर चालतो. रोज लिहीन.

इल्याच्या सणाआधीचा बुधवार

राजा रोज परांचीखाली चुन्याची बादली पालथी घालून बसतो आणि आपली कहाणी सांगतो. लहानपणी बर्फ फुटून तो नदीत पडला, तेव्हा ग्लेबनंच केस धरून वर ओढलं. बाप गेला, गादी ग्लेबला मिळाली. यानं क्रॉसचं चुंबन घेऊन निष्ठेची शपथ वाहिली. मग ईस्टरच्या जेवणाला ग्लेबला घरी बोलावलं आणि आचाऱ्याकडून त्याचे डोळे काढवले. हे सगळं त्यानं मळणीची हकीकत सांगावी तसं सांगितलं.

पुढं गवताळ मुलुखातले घोडेस्वार त्यानं पिटाळले, तट बांधला, दुष्काळात धान्याची कोठारं उघडली. "दादाच्या हातून झालं असतं हे? तूच सांग." मी रंग घोटत राहिलो. आंधळा ग्लेब मरेपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. राजाला एवढंच हवंय की ग्लेबनं एकदा त्याच्याकडे बघावं, माफ केल्यासारखं.

इल्याचा सण

काल ग्लेबचे डोळे रंगवले. असे डोळे माझ्या हातून कधी उतरले नव्हते. आज सकाळी पाहतो तर डोळ्यांच्या जागी कोरा गिलावा. खरवडल्याची खूण नाही, ओघळ नाही. भिंत ओली असेल. पुन्हा रंगवले.

इल्यानंतरचा शनिवार

पुन्हा गेले. पुन्हा रंगवले. मालान्यानं विचारलं, क्वास पेल्याबाहेर का ओततोस? मला पेला दिसलाच नव्हता. डाव्या बाजूला धुकं आहे. चुना उडाला असावा.

मधाचा सण

एका व्यापाऱ्यानं घरचा निरोप आणला. मुलगी झाली! नाक माझ्यावर गेलंय म्हणे.

भिंतीवरचा डावा डोळा टिकला. ओलसर आहे, चकाकतो. आणि माझा डावा—

दक्षिण दाराशी तीन आंधळे बसतात. राजाच्या हुकमानं त्यांना जन्मभर पाव मिळतो. आज एकाची नखं जवळून पाहिली. खाचांत हिरवा रंग. तो स्मोलेन्स्कचा चितारी निघाला. तिघेही चितारीच. बाजूला सरकून म्हणाला, "ये बाबा, बस. जागा आहे."

मी मालान्यावर ओरडलो, आधी का नाही सांगितलंस? ती कणीक मळत राहिली. म्हणाली, "या राजाच्या राज्यात माझी चारही पोरं जगली, चिताऱ्या. माझ्या आईचं माझ्याखेरीज एक नव्हतं जगलं."

दुसरा दिवस

वेशीवर अडवलं. पहारेकऱ्यानं खांदे धरून हळूच माघारी वळवलं, म्हाताऱ्या बापाला वळवावं तसं. मी कुंचला नदीत फेकला. राजा आला, गुडघ्यांवर बसला, रडला, उजवा डोळा पुरा कर म्हणाला. मी ठाम नाही म्हणालो.

उपयोग नाही. उजवा डोळा आपोआप भरत चाललाय. मी हात लावलेला नाही. देवाशपथ, हात—

सफरचंदांचा सण

अक्षरं बोटांनी चाचपून कोरतोय. मला दाराशी आणून बसवलं. सफरचंदांचा वास येतोय. बाहेर सगळा अंधार.

पण चर्च दिसतंय. आतून. उंचावरून. मेणबत्त्या, रिकामी परांची, समोरचा खांब. पापणी मिटता येत नाही. पापणीच नाही.

स्मोलेन्स्कवाल्याला विचारलं— तुमचे डोळे त्या भिंतीवर कुठं आहेत? भिंत तर मला कोरीच मिळाली होती. त्यानं हातातला पाव खाली ठेवला. म्हणाला, राजा ते बघतो रे. मग त्याला सोसवत नाही. मग तो—



त्याच दिवशी

राजा आलाय. एकटा. खाली उभा राहून वर बघतोय. किती म्हातारा दिसतो.

मी मऊ बघायचा प्रयत्न करतोय. माफ केलं, महाराज, माफ केलं— पण डोळे माझे आहेत, नजर माझी नाही. माझ्यामागून, भिंतीच्या आतून, दुसरं कुणीतरी बघतंय—

"दादा, असं नको ना बघूस," म्हणतोय. रडतोय.

हातात गवंड्याचा हातोडा.

परांची चढतोय. मी ओरडतोय— त्याला ऐकू जात नाही— दाराशी ओरडतोय मी— हे तिघे माझे खांदे धरून— म्हणतात, एकदाच दुखतं—

त्याचा चेहरा अगदी जवळ— हात उच—