वेटसूट आणि सासऱ्यांची मोटार

१३ नोव्हेंबर २००४, सासुरवाडी
दिवाळसण. काल सासऱ्यांचा, म्हणजे अमृतरावांचा, तराफा कलंडला आणि त्यावरची गव्हाला पाणी देणारी मोटार सिद्धेश्वर धरणात गेली. तराफा कसला, चार ड्रम आणि दोन फळ्या. म्हणाले, लोखंडी आकडा टाकून मोटार ओढायला भोई बोलावतो, म्हणजे धरणावरचे मासेमार. मी बजावलं, घरात डायव्हिंग येणारा जावई असताना भोई आले तर ताटावरून उठेन. दिवाळसणाचा जावई उठला तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही, एवढं त्यांना कळतं. तेवढंच कळतं. अंगठीऐवजी वेटसूट मागितला, डायव्हिंगचा रबरी पोशाख.

१४ नोव्हेंबर
बायको, प्रियंका, म्हणे, तुम्हाला पोहता कुठं येतं? हिला फरकच कळत नाही. पोहणं वर असतं, डायव्हिंग खाली. गोव्याला मी दहा मिनिटं मास्क लावला होता, हेही ही विसरली.

२० नोव्हेंबर, हिंगोली
माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये दिवसभर नेटवर. पोरांना बाहेर बसवलं, तशीही ती गेमच खेळतात. ऊन पाण्याला तीन एमएमचा सूट, गार पाण्याला पाच, फारच गार असेल तर सात. आधी तापमान मोजणे. सिलेंडरचं नंतर बघू.

२८ नोव्हेंबर
सासूबाईंचा तापाचा थर्मामीटर घेऊन धरणावर. काठावर ९४. दोरीने खोल सोडला, ९४. सासरे म्हणाले, हात तर घालून बघा जावईबापू, लई गार हाय. हाताला काय आकडे असतात? परतताना रसवंतीवरच्या बर्फात धरला, तिथंही ९४. थर्मामीटर भरवशाचा आहे. तीन एमएमची ऑर्डर दिली.

११ डिसेंबर
सूट अजून नाही. गहू पिवळा पडून राहिला, असा सासऱ्यांचा फोन. अडखळत विचारलं, भोयाला बोलवू का? फोन ठेवून दिला. प्रियंका माझ्याशी बोलत नाही. वाईट वाटलं. पण शास्त्र म्हणजे शास्त्र.

२२ डिसेंबर
सूट आला. पोटावर अडकला. सासूबाईंच्या करंज्यांचा दोष.

२६ डिसेंबर, धरण
सगळं गाव काठावर, कामधंदा नाही कुणाला. गुडघाभर पाण्यात दातखीळ बसली. कमरेपर्यंत गेलो आणि बाहेर आलो. थर्मामीटर बराबर होता, पाणी चुकीचं निघालं. पाच एमएम मागवणार. कुणीतरी घोंगडी टाकली अंगावर. वास मारत होती, पण सोडली नाही.

९ जानेवारी २००५
कालव्याला पाणी सोडलं, धरण उतरलं. मोटार चिखलात उघडी पडली. सासूबाईंनी पदर खोचला, चालत जाऊन दोर बांधला, बैलांनी ओढून काढली. मला बोलावलंही नाही. अर्धा गहू वाळला म्हणे. निसर्गापुढे कोणाचं चालतं?

१६ जानेवारी, सासुरवाडी
मोटार नवं वाइंडिंग भरून आली. पाइपाच्या जोडातून पाणी गळत होतं, रबर मिळेना. प्रियंकाने माझ्या सूटची बाही कापून दिली. तरी गळे. सासऱ्यांनी रबर चिमटीत दाबून बघितलं. म्हणाले, पातळ हाय. प्रियंकाने दुसरी बाही कापली. दुहेरी घातल्यावर थेंब गळला नाही.

जेवताना मी ताटावरून उठलो. कुणी बसा म्हणालं नाही. सासरे गव्हाचंच बोलत होते, प्रियंका त्यांना वाढत होती. थोडा वेळ दारात उभा राहिलो. मग परत येऊन बसलो. भाकरी गार झाली होती.